संमती, कायदा आणि रात्रीचा फोन

गतवर्षी माझ्या बडोद्यातील दवाखान्यात आठवीतील एका मुलीला तिचे आईवडील घेऊन आले. तक्रार डोकेदुखीची व अभ्यासातील दुर्लक्षाची. दृष्टी, रक्तदाब, रक्त सारे ठीक होते. झोपेविषयी विचारताच मुलगी गप्प झाली. रात्री दोनपर्यंत ती फोनवर चित्रफिती पाहत असे. वय तेरा, समाजमाध्यमावरील खात्यात अठरा. जन्मसाल वडिलांनीच बदलून दिले होते.

अशा मुलांसाठी शासनाने काय करावे, हा प्रश्न आज जगभर चर्चिला जात आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. त्यात मुलाला वा पालकाला शिक्षा नाही. हयगय करणाऱ्या कंपनीला ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याची वाट निराळी आहे. काही अपवाद वगळता, अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांच्या वर्तनाचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे. दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. या तरतुदींच्या अंमलासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली.

मला यांतील माग काढण्यावरील मनाई अधिक मोलाची वाटते. वरील वडिलांनी संमतीही सहज दिली असती. मूल कोणत्या चित्रावर रेंगाळते हे टिपून तेच पुन्हा पुढे वाढणारी यंत्रणा मात्र कोणत्याही पालकाच्या आटोक्यातली नाही.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना ही वाट परिचित आहे. १९९२ च्या कायद्याने डब्याच्या शिशुदुधाची जाहिरात व मोफत नमुने बंद झाले. कायद्याने आईला दोष दिला नाही, उत्पादकाला बांधले. तरीही स्तनपान मातेजवळ बसून शिकवावेच लागले, आजही लागते.

येथेही तसेच आहे. मुलाचा आहार व लसीकरण आपण आवर्जून विचारतो. त्याच बैठकीत ‘रात्री फोन कोठे असतो?’ हेही विचारावे, अशी माझी सर्व व्यवसायबंधूंना विनंती आहे. त्या घरी आता रात्री दहानंतर फोन बैठकीच्या खोलीत ठेवतात. मुलीचा, आईचा आणि वडिलांचाही. महिन्याभराने मुलगी आली, तेव्हा डोकेदुखी बरीच उणावली होती.