छप्पर की मागची सीट?

इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, हातात मॅन्युअल गिअर, वजन आटोक्यात आणि किंमत तीस हजार डॉलरच्या आसपास. अमेरिकेत आज नवी गाडी घ्यायला गेलं तर या सगळ्या अटी एकदम पुऱ्या करणारी नावं फार उरलेली नाहीत. एक माझदाची एमएक्स-5, जिला अमेरिकेत सगळे मियाटा म्हणतात. दुसरी टोयोटाची जीआर 86 आणि तिच्याच सोबतीनं जन्मलेली सुबारू बीआरझेड. भारतातल्या शोरूममध्ये यांतली एकही अधिकृतपणे मिळत नाही. पण न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये किंवा कॅलिफोर्नियात नोकरीला असलेल्या आपल्या मुलामुलींपुढे हा पर्याय खराखुरा असतो. आणि भारतात क्लच दाबत गाडी शिकलेल्या माणसाला तिथे एक फायदा आधीच मिळालेला असतो: तिथल्या बहुतेकांना न येणारी गोष्ट त्याला येते.

दोन्ही गाड्यांच्या मागे मोठा इतिहास आहे आणि तो कळला की त्यांचे स्वभावही कळतात.

साठच्या दशकात छोट्या, उघड्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स कार म्हणजे ब्रिटनचा प्रांत होता. एमजी, ट्रायम्फ आणि या सगळ्यांत हलकी, देखणी लोटस एलान. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांचा सगळा भर वजन कमी करण्यावर असे. सत्तरच्या दशकात अमेरिकेचे सुरक्षेचे आणि धुराचे नियम कडक झाले, ब्रिटिश कारखान्यांची अवस्था बिकट झाली आणि 1980 मध्ये एमजीच्या एमजीबी या मॉडेलचं उत्पादन थांबलं. जागा रिकामी झाली. बॉब हॉल नावाच्या अमेरिकी मोटार-पत्रकारानं माझदाच्या संशोधन विभागाचे प्रमुख केनिची यामामोतो यांच्यापुढे कल्पना मांडली होती, की तशीच साधी, हलकी, परवडणारी गाडी पुन्हा बनवा. हॉल पुढे माझदातच काम करू लागला. गाडीचं रूप मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनच्या स्टुडिओत घडलं आणि प्रकल्पाची सूत्रं तोशिहिको हिराई यांनी सांभाळली. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. किंमत 13,800 डॉलर. एलानचा चेहरा तिच्यात ओळखू येत होता, पण एलानची तेलगळती आणि विजेची दुखणी नव्हती. एप्रिल 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 बनली. दोन सीटांच्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्वाधिक खपाचा गिनीज विक्रम तिच्याच नावावर आहे.

माझदाचे लोक या गाडीबद्दल बोलताना ‘जिंबा इत्ताई’ म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणं. 2015 साली बाजारात आलेल्या चौथ्या पिढीत त्यांनी हे किती मनावर घेतलं होतं ते वजनकाट्यावर दिसतं. आधीच्या पिढीपेक्षा सुमारे शंभर किलो कमी. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे केले. सीटमधल्या स्प्रिंगा काढून त्या जागी ताणलेली जाळी बसवली. नवी पिढी आली की गाडी फुगते, हा मोटारउद्योगातला जवळजवळ नियम झालेला असताना एका कंपनीनं ग्रॅमग्रॅम वजनासाठी एवढा जीव टाकावा, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

जीआर 86 ची मुळं 1983 च्या कोरोलात आहेत. त्या वर्षी कोरोला कुटुंबातल्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांच्या चालनावर गेल्या, पण लेव्हिन आणि ट्रुएनो या दोन कूपे मागच्या चाकांवरच राहिल्या. त्यांचा सांकेतिक क्रमांक एई 86. साधी, हलकी, स्वस्त. म्हणून जपानी घाटांत रात्री गाड्या पळवणाऱ्या पोरांच्या हाती ती पडली. 1995 पासून शुइची शिगेनो यांची ‘इनिशियल डी’ ही चित्रकथा सुरू झाली. त्यात टोफू पोचवणारा मुलगा जुन्या ट्रुएनोवर भल्याभल्या गाड्यांना मागे टाकतो. जगभरातल्या एका पिढीला 86 हा आकडा माहीत झाला तो या कथेमुळे.

टोयोटानं सुबारूच्या मूळ कंपनीत भागीदारी घेतली होती. त्यातून दोघांनी मिळून 2012 मध्ये नवी 86 आणली. टोयोटाकडून तेत्सुया तादा हे मुख्य अभियंता होते. इंजिन सुबारूचं बॉक्सर, म्हणजे पिस्टन उभे न चालता डावी-उजवीकडे आडवे चालतात. त्यामुळे इंजिन बुटकं होतं, खाली बसवता येतं आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ येतो. पहिल्या पिढीच्या 2 लिटर इंजिनाचं एक दुखणं मात्र सगळ्यांना जाणवलं. साधारण 3,000 आरपीएमच्या पुढे, नेमका पिकअप हवा तिथे, टॉर्क खड्ड्यात पडल्यासारखा कमी व्हायचा. 2021 मध्ये आलेल्या जीआर 86 मध्ये इंजिन 2.4 लिटरचं झालं, तो खड्डा भरून निघाला आणि आता पूर्ण टॉर्क 3,700 आरपीएमलाच मिळतो. गाडी बनते सुबारूच्या ओताच्या कारखान्यात, गुन्मा प्रांतात. ‘इनिशियल डी’तला घाट ज्या हारुना पर्वतावर बेतलेला आहे, तोही गुन्मातच आहे.

आता आकडे बघू, कारण पहिली दिशाभूल तिथेच होते. अमेरिकेत मिळणाऱ्या मियाटाचं इंजिन 2 लिटरचं, 181 अश्वशक्तीचं. जीआर 86 ची ताकद 228 अश्वशक्ती. सत्तेचाळीसचा फरक वाचला की निर्णय झालाच असं वाटतं. पण मियाटाचं वजन सुमारे 1,065 किलो आणि जीआर 86 चं सुमारे 1,280 किलो. दर टनामागे हिशोब केला तर मियाटाला 170 अश्वशक्ती येतात आणि टोयोटाला 178. टॉर्कचंही तसंच: 205 न्यूटन मीटर विरुद्ध 250, पण टनामागे 192 आणि 195. म्हणजे टोयोटानं जास्त दिलेली जवळपास सगळी ताकद तिचं स्वतःचंच जास्तीचं वजन ओढण्यात जाते. सरळ रस्त्यावर दोघी जवळजवळ बरोबरीनं पळतात. पंपावर मात्र फरक दिसतो. अमेरिकी सरकारी चाचणीत मॅन्युअल मियाटा एका लिटरला साधारण 12 किलोमीटर देते, मॅन्युअल जीआर 86 साडेनऊच्या आसपास.

ते जास्तीचे दोनशे किलो कशाचे, हाच खरा प्रश्न आहे. ते मुख्यतः पक्क्या छपराच्या, मोठ्या शरीराचे आणि मागच्या सीटचे आहेत. मियाटाच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत 2,310 मिलिमीटर अंतर आहे, जीआर 86 मध्ये 2,575. मागची सीट मोठ्या माणसासाठी नाहीच, तिथे त्याचे गुडघे मावत नाहीत. पण तिथे दप्तर बसतं, किराणा बसतो, लहान मूल त्याच्या सीटसकट बसतं. पाठ खाली पाडली तर चार सुटी चाकंही मावतात, म्हणजे शनिवारी ट्रॅकवर जाताना दुसरे टायर गाडीतच नेता येतात. मियाटाच्या डिकीची जागा 130 लिटर. दोघांच्या दोन दिवसांच्या मऊ बॅगा जातात, कडक मोठी सूटकेस नाही. आईवडील भारतातून आले तर विमानतळावर न्यायला ही गाडी निरुपयोगी.

मग मियाटा बदल्यात काय देते? एक तर छप्पर. कापडी टप सीटवर बसल्या बसल्या एका हातानं मागे टाकता येतो आणि तेवढ्याच वेळात परत ओढता येतो, त्यामुळे सिग्नलला थांबल्यावरही तो उघडावासा वाटतो. इंजिनाचा खराखुरा आवाज, ओल्या मातीचा वास, डोंगरात शिरताना बदलणारी हवा, हे सगळं आत येतं. जीआर 86 मध्ये इंजिनाच्या आवाजाला स्पीकरची जोड दिलेली आहे. मला ते आवडत नाही. इतक्या प्रामाणिक गाडीला त्याची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे वळणातलं वागणं. मियाटा वळणात शिरताना थोडी कलते, वजन बाहेरच्या टायरांवर जातंय ते अंगाला कळतं आणि त्यावरून किती पकड उरली आहे याचा अंदाज येतो. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर ‘टेल ऑफ द ड्रॅगन’ नावाचा रस्ता आहे, अकरा मैलांत 318 वळणं. अशा रस्त्यावर वेगमर्यादा पाळूनही ही गाडी तुम्हाला गुंतवून ठेवते. पाचशे अश्वशक्तीच्या गाडीत तोच रस्ता नुसता ब्रेक दाबण्यात जातो. जीआर 86 अधिक ताठ आहे, स्टिअरिंगला लगेच आणि नेमकं उत्तर देते, मागची चाकं आवरून धरणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल तिच्यात पहिल्यापासून येतं. बीआरझेडपेक्षा टोयोटानं तिचं सस्पेन्शन मागून किंचित सैल सुटेल असं जुळवलं आहे. ज्याला ट्रॅकवर शिकायचं आहे त्याच्यासाठी ती उत्तम शाळा आहे. टोयोटा अमेरिकेत नव्या ग्राहकाला नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनचं वर्षभराचं सदस्यत्व आणि ट्रॅकवरचा एक शिकाऊ दिवसही देते. तो वाया घालवू नये. मियाटा ट्रॅकवर न्यायची तर बहुतेक ठिकाणी आधी रोल बार बसवावा लागतो आणि हेल्मेट घातलेल्या उंच माणसाचं डोकं त्याच्या वर जातं, म्हणून परवानगीच मिळत नाही.

उंची हा मुद्दा ट्रॅकबाहेरही लागू आहे. सहा फुटांच्या वरच्या माणसानं मियाटाचं कौतुक वाचून पैसे भरू नयेत. आधी टप लावून तिच्यात अर्धा तास बसावं. गुडघा स्टिअरिंगला लागतो का, काचेच्या वरची पट्टी डोळ्यांसमोर येते का, ते पाहावं. बर्फाच्या राज्यात राहत असाल तर दोन्हीपैकी कुठल्याही गाडीला हिवाळी टायरांचा वेगळा संच लागेल, तो खर्च पहिल्याच दिवशी धरावा. आणि रात्री गाडी उघड्यावर, वर्दळीच्या रस्त्यात उभी राहणार असेल तर कापडी टपाचा विचार दोनदा करावा. माझदाची आरएफ ही पक्क्या, घडी होणाऱ्या छपराची आवृत्ती त्यासाठीच आहे, पण ती महाग आहे आणि वजनानंही थोडी जास्त.

युरोपात मात्र नव्या गाड्यांत जीआर 86 चा पर्याय आता उरलेला नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमांत जीआर 86 बसत नव्हती, म्हणून टोयोटानं ती तिथे दोनच वर्षं विकली. ब्रिटनमध्ये तिचा सुरुवातीचा कोटा दीड तासात संपला होता.

घरात एकच गाडी परवडत असेल तर जीआर 86 घ्यावी, यात मला शंका नाही. रोज ऑफिसला जाणं, दुकानातून सामान आणणं, मित्राला मागे अंग चोरून बसवणं, हे सगळं ती करते आणि रविवारी डोंगरातही नेते. पण रोजच्या कामाला घरात दुसरी गाडी असेल तर मी मियाटाच निवडेन, आणि नवीच पाहिजे असा हट्टही धरणार नाही. वापरलेली घेताना 2019 किंवा त्यानंतरच्या मॉडेलची बघावी. त्या वर्षी ताकद 155 वरून 181 अश्वशक्तीवर गेली आणि स्टिअरिंग पुढे-मागे सरकवायची सोयही तेव्हाच आली. रंग कुठलाही चालेल. मॅन्युअल गिअर आणि कापडी टप हवा, आणि बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर तिनं हिवाळे काढले असतील तर गाडी वर उचलून खालचा पत्रा नीट तपासून घ्यावा.