नोकरी-शेती सांभाळून पदवी : पैसे भरण्याआधी हे पाहा

बारावी झाली, घरची जबाबदारी अंगावर पडली आणि कॉलेज सुटलं, असे प्रत्येक गावात कितीतरी जण आहेत. कुणी ग्रामपंचायतीत शिपाई आहे, कुणी अंगणवाडी सेविका, कुणी घरची शेती पाहतो. पुढं भरतीची किंवा बढतीची वेळ आली, की पदवीपाशी घोडं अडतं.

मंडळी, वय आडवं येत नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच लोकांना शिकवत आहे. अभ्यास घरी, मार्गदर्शन अभ्यासकेंद्रावर. आता काही विद्यापीठांचे वर्ग मोबाईलवरही चालतात. मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची अशी पदवी नियमित कॉलेजच्या पदवीइतकीच धरली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

मात्र 'मान्यता' हा शब्द विसरू नका. 'सहा महिन्यांत पदवी, परीक्षेची कटकट नाही' असं सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. डॉक्टरकी, इंजिनिअरिंग, नर्सिंगची पदवी घरबसल्या मिळतच नाही. प्रवेशाआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाईटवर विद्यापीठाचे नाव, तुमचा अभ्यासक्रम आणि प्रवेशाचे वर्ष, तिन्ही पडताळा. जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्रातून यादीची प्रत काढून घ्या. फी विद्यापीठाच्याच नावे भरा, पावती जपून ठेवा.

राहिला वेळेचा प्रश्न. पहाटेची धार काढून झाली, की तासभर पुस्तक उघडा. सुगीत खंड पडला तर पडू द्या, पण परीक्षेचा फॉर्म चुकवू नका.