चिलखताला मज्जाव

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांच्या टेबलावर एक वाद हमखास निघतो. लढवय्याने डोक्यापासून पायांपर्यंत पोलाद चढवलं तर कुणी चकार शब्द काढत नाही. ड्रुइडने मात्र नुसती लोखंडी कड्यांची बंडी अंगात घातली, तरी नियमांचं पुस्तक उघडलं जातं. ड्रुइड म्हणजे या कल्पनाविश्वातला रानाचा पुजारी. तो वेलींना हुकूम देतो, अस्वलाचं रूप घेतो, वादळ बोलावतो. धातूचं चिलखत तेवढं त्याला वर्ज्य.

हा खेळ पटाशिवायही चालतो. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो छापला. खेळाडूला ड्रुइड होण्याची मुभा १९७६च्या ‘एल्ड्रिच विझार्ड्री’ या पुरवणीने दिली. हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, डेनिस सस्टारे यांनी रचला. १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नियम पक्का झाला: चामड्याचं चिलखत आणि लाकडी ढाल, बस्स. धातूच्या चिलखताने जादू बिघडते, एवढंच कारण दिलं होतं. गंमत अशी, की त्याच ड्रुइडला लोखंडी वाकडी तलवार मात्र खुशाल वापरता येत होती.

नियमाची मुळं फार जुनी, इतिहासातल्या खऱ्या ड्रुइडांपर्यंत जाणारी आहेत. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की ओकच्या झाडावरचं बांडगूळ काढायला ड्रुइड पांढरी वस्त्रं नेसून चढतो आणि ते सोन्याच्या विळ्याने कापतो. आणखी एक वनस्पती तर लोखंड न लावताच खुडायची, असंही त्याने नोंदवलं आहे. ज्युलियस सीझरच्या म्हणण्यानुसार गॉलमधल्या ड्रुइडांना लढाई आणि करही माफ होते.

असली बंधनं सह्याद्रीत कुणाला नवीन नाहीत. देवराईत कोयता लावायचा नाही, वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा दंडक गावोगाव पाळला गेला. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा रायगडच्या श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी आपली राई तोडीपासून वाचवा, असं साकडं त्यांना घातलं होतं. देवराईतला नियम मोडणाऱ्याला देवाचा कोप आडवा येतो. नफ्यातोट्याचा हिशेब तिथे नसतो. खेळात मात्र प्रत्येक व्रताला आकड्यात बसवावं लागतं, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

आकडे असे. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत पूर्ण पोलादी चिलखताचा बचाव १८, म्हणजे शत्रूच्या फाशाची बेरीज निदान तेवढी झाली तरच वार लागतो. चामडं घातलेल्या, बऱ्यापैकी चपळ ड्रुइडचा १३. फाशावर ५ मिळवून वार करणारा शत्रू समोर असेल, तर पोलादवाल्यावर वीसपैकी आठ दानं लागतात आणि ड्रुइडवर तेरा. फरक मोठा आहे. पण ड्रुइडकडे उतारे आहेत. ‘बार्कस्किन’ मंत्राने त्याची कातडी सालीसारखी टणक होते आणि बचाव किमान १६वर जातो. चंद्रपंथी ड्रुइड दुसऱ्याच पायरीवर ३४ प्राणांचं तपकिरी अस्वल होतो. ते प्राण संपले तरी तो आपल्या मूळ रूपात पुन्हा उभा.

त्याचा सर्वांत मर्मभेदी मंत्र आहे ‘हीट मेटल’. शत्रूच्या अंगावरचं धातूचं चिलखत तापून लाल होतं. ड्रुइडचं लक्ष ढळलं नाही तर मंत्र एक मिनिट, म्हणजे दहा फेऱ्या टिकतो आणि दर फेरीला सरासरी नऊ प्राण भाजून काढतो. पोलादी चिलखत उतरवायला नियमाप्रमाणे पाच मिनिटं लागतात. आत अडकलेल्या वीराने काय करायचं?

तरीही तोल अनेकदा गेला. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शिक्षा कडक होती: धातू अंगावर असेपर्यंत आणि त्यापुढे २४ तास मंत्र बंद. पण २००३च्या सुधारित रूपात पशुरूपात राहून मंत्र म्हणायची सोय, सोबतीला पाळीव लांडगा, असं सगळं एकत्र आलं आणि ड्रुइड एकटाच लढवय्याला झाकोळू लागला. चिलखताची बंदी त्याला रोखू शकली नाही, कारण अस्वलाला चिलखत लागतच नव्हतं. शिवाय लाकडाला पोलादाची ताकद देणारा मंत्रही पुस्तकात होता. २०१४च्या पुस्तकाने शिक्षाच काढून टाकली. ड्रुइड धातू ‘घालणार नाहीत’, एवढंच लिहिलं. घातला तर काय, असं विचारल्यावर प्रकाशकांच्या अधिकृत खुलाशात आधी थट्टा आली, की ड्रुइडचा स्फोट होतो. मग स्पष्टीकरण आलं, की हा संस्कृतीचा संकेत आहे, शक्तीचा तोल नव्हे. २०२४च्या नव्या पुस्तकात धातूची अट गेली.

चिलखताची खरी किंमत पाहायची तर खालापूर तालुक्यात यावं. खोपोली-पाली रस्त्यावरून आत वळलं की चावणी गावाजवळ उंबरखिंड लागते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी इथे मोगल सरदार कारतलबखान कोंडीत सापडला. पुण्यात तळ ठोकून बसलेल्या शाहिस्तेखानाने त्याला कोकण घ्यायला पाठवलं होतं. सोबत माहूरची रायबागन होती. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या वाटेने फौज खाली उतरली. घोडे, तोफा, दारूगोळा, तंबू, सामानाची लांबच लांब रांग. मोगली स्वारांत बख्तर-चिलखत नेहमीचं. खालची वाट अरुंद, दोन्ही बाजूंना डोंगर आणि दाट झाडी.

शिवाजी महाराजांनी पुढचं आणि मागचं तोंड बंद केलं. बाण, गोळ्या आणि वरून ढकललेले धोंडे यांनी मधली गर्दी भाजून निघाली. पाणी मिळेना, घोडा वळेना. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन, सामानसुमान टाकून तो परतला. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त या प्रसंगाचं सविस्तर वर्णन आहे.

मराठ्यांना चिलखत वर्ज्य होतं, असं मुळीच नाही. याच महाराजांनी १० नोव्हेंबर १६५९ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाला भेटताना अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं. शामियान्यात हातघाईची शक्यता असेल तर लोखंड हवं. रानातल्या खिंडीत पाय हलके हवेत. चिलखत कधी घालायचं हे इथे जागा ठरवते, क्लास नाही.

खेळाच्या टेबलावर नेमकी ही जागाच गळते. वजन कुणी मोजत नाही, तहान कुणाला लागत नाही, चढ कागदावर सपाट होतो. मग चिलखत म्हणजे निव्वळ फायदा उरतो आणि ड्रुइडला तो मिळू नये म्हणून लेखी बंदी घालावी लागते. वास्तविक नियमांत सोय आहे. २०१४च्या सूत्रधाराच्या पुस्तकाप्रमाणे ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि त्यावर, पाण्याविना, दर तासाला तग धरण्याचा फासा टाकावा लागतो; जड चिलखतवाल्याने तो दोनदा टाकून कमी दान घ्यायचं. ‘प्लांट ग्रोथ’ मंत्राने वाढलेल्या झाडीत एक फूट पुढे जायला चार फुटांची चाल खर्ची पडते. ‘पास विदाउट ट्रेस’ म्हटला की लपून बसलेल्या अख्ख्या तुकडीच्या फाशात दहा मिळतात.

यातले शेवटचे दोन नियम लावून उंबरखिंडीचा डाव मांडला, तर चामड्यातला ड्रुइड कुणालाच दुबळा वाटणार नाही, आणि त्याला हाताशी धरून बसलेले डोंगरावरचे शंभर भालाईतही. फेब्रुवारीऐवजी एप्रिलची दुपार धरली तर उष्म्याचा नियमही लागू होईल. मोगलांच्या बाजूने खेळणाऱ्याने मात्र कुरवंड्याचा उतार सुरू होण्याआधीच सूत्रधाराला विचारून घ्यावं, की पाण्याच्या पखाली किती घेतल्यात.