मीटर व पृथ्वीचे आकारमान

लांबीच्या एककांचा पृथ्वीच्या आकारमानाशी असलेला संबंध मीटर व सागरी मैल या दोन एककांत विशेष स्पष्ट दिसतो. हात, वीत, अंगुळ ही जुनी एकके मानवी शरीरावरून आलेली असल्याने स्थलपरत्वे बदलत. अठराव्या शतकात फ्रान्समध्येही प्रांतोप्रांती निरनिराळी मापे चालत व त्यांमुळे व्यापारात फार गैरसोय होई. सर्व राष्ट्रांना मान्य होईल असे एकक निसर्गातून घ्यावे, या हेतूने पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७९१ मध्ये मीटरची व्याख्या सुचविली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या याम्योत्तर वृत्तपादाचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर होय. सेकंद-लंबकाची लांबी हा पर्याय मागे पडला. कारण ती कालाच्या एककावर अवलंबून असते आणि गुरुत्वाकर्षणानुसार ठिकठिकाणी बदलते.

संपूर्ण वृत्तपाद मोजणे शक्य नसल्याने डंकर्क ते बार्सेलोना हा सु. साडेनऊ अंशांचा कंस निवडण्यात आला. त्याची दोन्ही टोके समुद्रकिनारी असून तो ४५° अक्षांशाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. दलांब्र यांनी उत्तरेकडील व मेशँ यांनी दक्षिणेकडील भाग १७९२–९८ या काळात त्रिकोणीकरणाने मोजला. या पद्धतीत आधाररेषा प्रत्यक्ष मोजून बाकीची अंतरे त्रिकोणांच्या कोनांवरून काढतात आणि टोकांचे अक्षांश ताऱ्यांच्या वेधांवरून ठरवितात. बार्सेलोना येथील वेधांत मेशँ यांना सु. ३ सेकंदांची, म्हणजे भूपृष्ठावर सु. १०० मी. इतकी, विसंगती आढळली. ती त्यांनी उघड केली नाही. मोजणी पुढे नेण्यासाठी ते पुन्हा स्पेनमध्ये गेले असता १८०४ मध्ये पीतज्वराने मरण पावले. त्यानंतर त्यांच्या कागदपत्रांवरून दलांब्र यांना ही गोष्ट समजली.

तत्पूर्वीच, १७९९ मध्ये, प्लॅटिनमचा प्रमाण दंड तयार झाला होता. तो व्याख्येपेक्षा सु. ०·२ मिमी. आखूड आहे. याचे मुख्य कारण म्हणजे पृथ्वीचा चपटेपणा १/३३४ धरला गेला. प्रत्यक्षात तो सु. १/२९८ आहे. विशेष म्हणजे जुन्या मोजणीवरून १७९५ मध्ये ठरविलेला तात्पुरता मीटर व्याख्येला अधिक जवळचा होता. नवी मोजणी झाली की एकक बदलावे लागेल, ही अडचण ओळखून १८७२ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय आयोगाने पृथ्वीऐवजी दंडाचीच लांबी प्रमाण मानली. पुढे १९६० मध्ये क्रिप्टॉन-८६ च्या प्रकाशाची तरंगलांबी आणि १९८३ मध्ये प्रकाशाचा निर्वातातील वेग यांवर मीटरची व्याख्या आधारण्यात आली.

सागरी मैल म्हणजे मूळतः याम्योत्तर वृत्ताच्या एका कलेची लांबी. पृथ्वी चपटी असल्याने ती विषुववृत्तापाशी सु. १,८४३ मी., तर ध्रुवापाशी सु. १,८६२ मी. भरते, म्हणून १९२९ मध्ये १,८५२ मी. हे मूल्य ठरविण्यात आले. पृथ्वीचा ध्रुवांमधून जाणारा परिघ सु. ४०,००८ किमी. आहे. हा आकडा ४०,००० च्या इतका जवळ असणे हा योगायोग नसून मीटरच्या मूळ व्याख्येचा परिणाम आहे.