निरोप पुढे धाडण्यापूर्वी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पांडेसऱ्यातील आमच्या सोसायटीत बारावीला शिकणारी एक मुलगी एके सायंकाळी शिकवणीहून घरी आली नाही. वडील मिलमध्ये रात्रपाळीला गेलेले, आई घरी साड्यांना खडे चिकटविण्याचे काम करणारी. आठ वाजेपर्यंत मैत्रिणींची घरे धुंडाळून झाली. नऊ वाजता मुलीचा फोटो आणि 'कोणास दिसल्यास कळवावे' असा निरोप मोबाइलवरून सर्वत्र गेला. दहाच्या सुमारास तोच निरोप आमच्याकडे दुसऱ्या वाटेने पुन्हा आला, तेव्हा त्याच्या खाली एक ओळ वाढलेली होती : 'उधना स्टेशनवर एका मुलासोबत पाहिल्याचे समजते.'

कोणी पाहिले, किती वाजता पाहिले, पाहणाऱ्याचे नाव काय, हे कोणीही विचारले नाही. मिलमधून धावत आलेल्या वडिलांनी ती ओळ वाचली आणि पोलीस ठाण्याकडे निघालेले त्यांचे पाऊल उंबऱ्यातच थबकले. रात्री बारानंतर नंदुरबारहून मावशीचा फोन आला. चाचणी परीक्षेत गुण कमी पडले म्हणून घाबरून पोर एकटीच गाडीत बसून मावशीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी ती परत आली. ती ओळ मात्र परत आली नाही. महिनाभर ती जिन्यात, नळावर, भाजीच्या लारीपाशी ऐकू येत राहिली. शेवटी आईवडिलांनी मुलीला कायमचे मावशीकडे धाडले आणि तिचे शिक्षण तेथेच संपले.

तो निरोप, त्या ओळीसकट, आम्हीही तीन ठिकाणी पुढे धाडला होता. हा लेख लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

वाचकहो, कोणाचे मूल हरवले असता शेजारधर्माने धावून जावे, ही आपली जुनी रीत आहे. तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावकडील आपली माणसे सुरतेस आली, पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत राहिली, ती एकमेकांच्या आधारावरच. तेव्हा मदतीस कोणाचीच ना नाही. प्रश्न एवढाच आहे की, मदत कोठे संपते आणि तर्क कोठे सुरू होतो, हे आपण ओळखतो काय?

याच पांडेसऱ्याने २०१८ साली एक फार दुःखद प्रसंग पाहिला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये पांडेसरा पोलीस ठाण्याच्या हद्दीत सुमारे अकरा वर्षांच्या एका अनोळखी मुलीचे शव सापडले. तिच्यावर अनन्वित अत्याचार झाले होते. ती कोण, कोठली, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि हरवल्याची तक्रार घेऊनही कोणी येत नव्हते. देशभर हळहळ व्यक्त झाली. तिची छायाचित्रे हातोहात फिरली आणि ज्याला जे सुचेल ते त्यांखाली लिहिले गेले. आंध्र प्रदेशातील एका पित्याला तर ती आपलीच हरवलेली लेक वाटली आणि तो आशा व भीती घेऊन सुरतेपर्यंत आला. पुढे उघड झाले की, ती त्याची मुलगी नव्हती.

मग उलगडा झाला कसा? पोलिसांनी हरवलेल्या सुमारे ८,००० मुलांच्या नोंदी तपासल्या. रस्त्यांवरील कॅमेऱ्यांतील चित्रण पाहून एका मोटारीचा माग काढला आणि तो माग राजस्थानातील गंगापूरपर्यंत पोहोचला. त्याच सुमारास त्याच परिसरात सापडलेले एका स्त्रीचे शव त्या मुलीच्या आईचे होते, हेही तेव्हाच कळले. मजुरीसाठी आणलेल्या त्या मायलेकी होत्या. त्यांची तक्रार करण्यास मागे कोणी उरलेच नव्हते. मार्च २०२२ मध्ये सुरतेच्या न्यायालयाने मुख्य आरोपीस फाशीची शिक्षा सुनावली. घरबसल्या लढविलेल्या तर्कांतून यांतील एकही दुवा हाती आला नव्हता. तो आला तो नोंदी, चित्रण आणि कंटाळा न करता केलेल्या तपासातून.

त्याच वर्षी तर्काने काय अनर्थ होतो, हे आपल्या खानदेशाने पाहिले. मुले पळविणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या उन्हाळ्यात गावोगाव फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण तेथे उतरले. त्यांतील एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढेच निमित्त झाले. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून ठार मारले. त्यांनी कोणाचे मूल पळविलेले नव्हते. त्यांच्या घरची मुले मात्र त्या दिवशी पोरकी झाली. त्यापूर्वी काही दिवस अहमदाबादेतही अशाच संशयावरून भिक्षा मागणाऱ्या एका स्त्रीचा जमावाने बळी घेतला होता. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, अशी मर्यादा भारतात घातली. बोटाला मर्यादा घालता आली. मनाला ती आपली आपणच घालावयाची असते.

हे अडाणीपणाने घडते, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठात शिकणारा भारतीय वंशाचा एक विद्यार्थी १६ मार्च २०१३ पासून बेपत्ता होता. घरच्यांनी त्याच्या शोधासाठी त्याचे फोटो आणि प्रेमाचे निरोप सर्वांसमोर ठेवले होते. १५ एप्रिलला बोस्टन येथील मॅरेथॉन शर्यतीत बाँबस्फोट झाले आणि १८ एप्रिलला तपास यंत्रणेने दोन संशयितांची छायाचित्रे प्रसिद्ध केली. त्या रात्री संगणकावर जमलेल्या हौशी तपासनिसांनी ती चित्रे या मुलाच्या फोटोंशी ताडून पाहिली आणि 'हाच तो' असा निवाडा देऊन टाकला. पाहता पाहता हजारो जणांनी तो पुढे धाडला. पत्रकारही त्यात सामील झाले. मुलाची वाट पाहणाऱ्या त्या घरावर रात्रभर शिव्याशापांचा वर्षाव झाला आणि शोधासाठी उघडलेले पान घरच्यांनाच बंद करावे लागले. सकाळी खरे संशयित दुसरेच दोघे भाऊ असल्याचे निष्पन्न झाले. २३ एप्रिलला त्या विद्यार्थ्याचा देह प्रॉव्हिडन्स येथील नदीत सापडला. तो बरेच दिवस पाण्यात होता. मागाहून क्षमा मागितली गेली, परंतु त्या रात्रीची भरपाई कोण करणार? ते घर अगोदरच दुःखात आहे, म्हणून त्याचे नाव आम्ही येथे मुद्दाम देत नाही.

पांडेसरा, राईनपाडा आणि बोस्टन यांत अंतर मोठे, पण माणसाचा स्वभाव एकच. मूल हरवले की आपल्याला काही करता येत नाही, ही असहायता जिवाला लागते. मोबाइल हाती असला की निदान तर्क तरी करता येतो आणि तर्क केला की आपण काही केले, असे समाधान वाटते. पुढे तोच तर्क दहा जणांकडून परत आला की, दहा साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. वस्तुतः बोलणारा एकच असतो, बाकीचे नऊ त्याचे प्रतिध्वनी.

तर्काची दुसरी हानी अधिक छुपी आहे. मुलीसंबंधी 'कोणाबरोबर तरी गेली असेल' असे एकदा बोलले गेले की, आईबाप लाजेने तक्रारच करीत नाहीत आणि शोधाचे पहिले मोलाचे तास वाया जातात. आमच्या सोसायटीतील त्या वडिलांचे पाऊल उंबऱ्यात थबकले, ते अशाच एका ओळीमुळे. ती मुलगी खरोखरीच संकटात असती तर?

म्हणून जे खरोखर उपयोगी पडते ते येथे नमूद करतो. माणूस हरवल्यावर २४ तास थांबावे लागते, ही समजूत चुकीची आहे. तसा कोणताही कायदा नाही. अठरा वर्षांखालील मूल बेपत्ता असल्यास पोलिसांनी गुन्हा नोंदवूनच तपास केला पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये दिलेला आहे. हद्द कोणत्या ठाण्याची, हा वाद घालून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातही तशी स्पष्ट तरतूद आहे. मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावेत. मूल गाडीत बसून गेल्याची शक्यता वाटल्यास रेल्वे पोलिसांनाही त्वरित कळवावे. अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, उंची, ओळखीची खूण, मोबाइलचा क्रमांक आणि शेवटची भेट कोठे व कधी झाली, एवढी माहिती लिहूनच ठाण्यात जावे.

निरोप पाठवावयाचाच असेल तर त्यात तारीख आणि पोलीस ठाण्याचा क्रमांक असावा, कारण मात्र नसावे. आपण काही डोळ्यांनी पाहिले असेल तर ते सर्वांना न सांगता पोलिसांना सांगावे. मूल सापडले की निरोप पुसावा आणि ज्यांना धाडला त्यांना 'सापडले' म्हणूनही कळवावे. अत्याचारास बळी पडलेल्या मुलाचे वा स्त्रीचे नाव, फोटो किंवा शाळा उघड करणे हा गुन्हा आहे, हेही ध्यानात ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, परत आलेल्या मुलाला 'कोठे होतास, कोणाबरोबर होतीस' असे चारचौघांत विचारू नये. त्याला अगोदर जेवू घालावे.

नंदुरबारची ती मुलगी आता मोठी झाली असेल. तिच्याबद्दलची ती ओळ खोटी होती, असे सांगणारा एकही निरोप आम्ही त्या वेळी कोणाला धाडला नाही. ज्या तीन ठिकाणी ती ओळ आमच्या हातून गेली, त्या तिन्ही ठिकाणी आम्ही आता हा लेख पाठवीत आहोत. त्यास फार उशीर झाला आहे, याची आम्हांला जाणीव आहे.