मासे बाधले, की ॲलर्जी झाली?

आपल्याकडून कामानिमित्त किंवा लग्नकार्याला मुंबईस गेलेली मंडळी एखादे जेवण आवर्जून माशांच्या जुन्या हॉटेलात घेतात. फोर्टमधील महेश लंच होम १९७३ पासून मंगळुरी पद्धतीच्या माशांसाठी प्रसिद्ध आहे. तृष्णा म्हटले की लोणी, लसूण आणि मिरीतला खेकडा आठवतो. अशा ठिकाणी बिल मोठे येते. त्यामुळे खिसा हलका झाला तरी पोटाची काळजी नको, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण कधी कधी जेवणानंतर अंग लाल होते, खाज सुटते आणि माणूस घाबरतो. अशा वेळी काय समजावे, ते आज पाहू.

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक मूळचे कोकणातले. मुलाला बढती मिळाली म्हणून त्याने आईवडिलांना किनाऱ्यावरील एका शहरात महागड्या हॉटेलात नेले. तिघांनी तळलेला बंगडा खाल्ला. अर्ध्या तासात गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला, डोके ठणकू लागले, छातीत धडधड सुरू झाली, अंगभर खाज सुटली. पत्नीलाही थोडी खाज आली, मुलाचे कान गरम झाले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सारे ओसरले. गुरुजी दवाखान्यात येऊन म्हणाले, "डॉक्टर, मला ॲलर्जी निघाली. मासे आता कायमचे बंद."

मी विचारले, "ॲलर्जी एकाच वेळी तिघांना कशी होईल?"

बंगड्यात काय होते?

बंगडा, सुरमई, कुपा, तारली या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते. मासा जाळ्यातून काढल्यावर लगेच बर्फात ठेवला नाही, तर त्यावरचे जंतू वाढतात आणि हिस्टिडिनचे हिस्टामिन बनवतात. ॲलर्जीत आपले शरीर जे हिस्टामिन सोडते, तेच येथे माशातून तयार होऊन पोटात जाते. म्हणून लक्षणे हुबेहूब ॲलर्जीसारखी दिसतात. तोंडाची आग, मळमळ, उलटी, जुलाबही होऊ शकतात. पापलेट, बोंबील अशा माशांत हा धोका त्या मानाने कमी.

हिस्टामिन एकदा तयार झाले की तळून, उकळून किंवा गोठवून नष्ट होत नाही. वासावरून ते कळेलच असे नाही आणि मसाल्यात चवही लपते. दोष हॉटेलचाच असेल असेही नाही. बोटीवर किंवा बंदरावर मासा उन्हात पडून राहिला असेल, तर उत्तम आचारीही काही करू शकत नाही. मासा बोटीपासून तव्यापर्यंत सतत बर्फात राहणे, हाच खरा उपाय.

मग गुरुजींनाच जास्त त्रास का झाला? क्षयरोगावर त्यांचे औषधोपचार चालू होते. त्यातील आयसोनियाझिड हे औषध शरीरातील हिस्टामिनचा निचरा करणाऱ्या यंत्रणेत अडथळा आणते. त्यामुळे थोडे हिस्टामिनही अशा रुग्णांना फार बाधते. हे औषध घेणाऱ्यांनी उपचार संपेपर्यंत वरील मासे टाळावेत. औषध मात्र मनाने बंद करू नये.

खरी ॲलर्जी कशी ओळखावी?

खरी ॲलर्जी बहुधा पंगतीतल्या एकालाच होते आणि तोच पदार्थ खाल्ल्यावर पुन्हा होते. मासा ताजा असला तरी होते. कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी मोठ्या वयातही नव्याने सुरू होऊ शकते आणि सहसा जन्मभर राहते. त्यांच्यातील प्रथिन शिजवूनही टिकते. ज्या तेलात कोळंबी तळली, त्याच तेलातली सुरमईदेखील अशा माणसाला बाधू शकते. म्हणून ऑर्डर देण्यापूर्वीच वेटरला स्पष्ट सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

अंगावर गांधी उठण्यापुरते प्रकरण थांबले तरी डॉक्टरांना दाखवावे. पण ओठ किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर एक क्षणही दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी किंवा जवळच्या दवाखान्यात न्यावे. तेथे मांडीत दिलेले ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन प्राण वाचवते. खाजेची गोळी देऊन वाट पाहत बसणे धोक्याचे. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप लागली असेल तर बसू द्यावे, चालवत नेऊ नये.

हॉटेलात बसल्यावर

१. काही हॉटेलांत कच्चा मासा आधी दाखवतात. डोळे स्वच्छ व फुगीर, कल्ले लाल, मांस बोटाने दाबल्यास पुन्हा वर येणारे असावे. खेकडा जिवंत असावा.

२. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून खातात. सांडपाण्यातील काविळीचे विषाणू त्यांत साठू शकतात. ती पूर्ण शिजलेलीच खावीत. यकृताचा आजार असलेल्यांनी कच्च्या कालवांना हात लावू नये.

३. पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी काही काळ बंद असते. तेव्हा गोठवलेला मासा मिळाला तर नाक मुरडू नये. वेळेवर गोठवलेला मासा उन्हात राहिलेल्या 'ताज्या' माशापेक्षा केव्हाही बरा.

४. घास तिखट, झोंबणारा लागला आणि ते मसाल्याचे वाटले नाही, तर ताट बाजूला ठेवावे. हॉटेलवाल्याला सांगावे, म्हणजे इतर गिऱ्हाइके वाचतील.

५. माशांनंतर आइस्क्रीम खाल्ल्याने कोड येते, ही निव्वळ गैरसमजूत आहे.

त्रास झाल्यास कोणी कोणता मासा खाल्ला, किती वेळाने काय झाले, चालू औषधे कोणती, हे कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यावे. निदान अर्धेअधिक तेथेच होते. शंका राहिल्यास त्वचेची किंवा रक्ताची ॲलर्जी चाचणी करता येते.

गुरुजींची हीच चाचणी करून घेतली. बंगड्याची ॲलर्जी निघाली नाही. क्षयाचे उपचार पूर्ण झाल्यावर बंगडा पुन्हा खायला हरकत नाही, असे सांगितले तेव्हा ते उठताना म्हणाले, "म्हणजे आता फक्त बर्फाची चौकशी करायची!" वाचकांनीही तेवढी करावी.