व्हिक्टर सेगालेन : वैद्य, कवि आणि शिल्पशोधक

एखादें जुनें बाड हातीं आलें म्हणजे त्यांतील मजकूर वाचण्याची उत्कंठा संग्राहकास अनावर होते. परंतु तें कोठून आलें, कोणत्या घरांत होतें, कशाच्या शेजारीं बांधलेलें होतें, हा प्रश्न मजकुराइतकाच महत्त्वाचा असतो. हा प्रश्न जन्मभर विचारीत राहिलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचें चरित्र प्रस्तुत लेखांत थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे. व्हिक्टर सेगालेन हा व्यवसायानें आरमारी वैद्य, वृत्तीनें कवि आणि कर्तृत्वानें प्राचीन शिल्पांचा शोधक होता.

सेगालेनचा जन्म ता. १४ जानेवारी १८७८ रोजीं फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील ब्रेस्ट बंदरीं झाला. वैद्यकाचें शिक्षण त्यानें बोर्दो येथील आरमारी विद्यालयांत घेतलें. १९०२ सालच्या त्याच्या पदवीप्रबंधाचा विषय कादंबरीकारांनीं केलेलीं रोगवर्णनें हा होता. वैद्यक व वाङ्मय हीं दोन्हीं त्याच्या ठायीं प्रथमपासूनच एकत्र नांदत होतीं, हें यावरून दिसून येईल.

१९०३ च्या आरंभीं ‘द्युरांस’ नामक जहाजावरील वैद्य म्हणून तो प्रशांत महासागरांतील ताहिती बेटास पोंचला. प्रसिद्ध चित्रकार पॉल गोगँ हा त्या वेळीं तेथून दूर मार्केसास द्वीपसमूहांत राहत होता. तो ता. ८ मे १९०३ रोजीं वारला आणि सेगालेन तिकडे गेला तो ऑगस्टांत. सप्टेंबरांत ताहितीच्या पापीती गांवीं मृताच्या चीजवस्तूंचा लिलाव झाला. त्यांत ‘बर्फांतील ब्रिटनीचें खेडें’ हें चित्र उलटें धरून ‘नायगाऱ्याचा धबधबा’ म्हणून पुकारण्यांत आलें! सेगालेननें तें सात फ्रँकांस घेतलें. आज तें पॅरिसच्या ओर्से संग्रहालयांत आहे. पुकारणारा लबाड होता असें मानण्याचें कारण नाहीं. चित्राची वरची बाजू कोणती, एवढेंच त्यास ठाऊक नव्हतें. ब्रिटनींत वाढलेल्या मनुष्यास मात्र तें खेडें ओळखण्यास कोणाची साक्ष नको होती.

ताहितींतील अनुभवावर त्यानें ‘ले झिमेमोरियो’ ही कादंबरी रचली व १९०७ मध्यें ‘माक्स-आनेली’ या टोपणनांवानें प्रसिद्ध केली. तिचा नायक तेरी हा वंशावळी मुखोद्गत म्हणणारा पाठक आहे. भर समारंभांत तो एक नांव विसरतो, पठण खंडित होतें, आणि त्या एका स्खलनांत सर्व जुन्या धर्माचा अंत सूचित होतो. ज्यांनीं घनपाठी वैदिकांची संथा ऐकिली आहे, त्यांस या प्रसंगाचें गांभीर्य निराळें सांगावयास नको. लेखनकला नसलेल्या समाजाचें ग्रंथालय म्हणजे पाठकाची जिव्हा. ती अडखळली कीं पोथी जळाली.

परतीच्या प्रवासांत, १९०४ च्या अखेरीस, त्यानें सिंहलद्वीपांत बौद्धधर्माचा कांहीं अभ्यास केला व सिद्धार्थाच्या चरित्रावर एक नाटक रचिलें. संगीतकार देब्युसी यानें त्यास संगीत देण्याचें नाकारिलें.

यापुढील त्याचें आयुष्य मुख्यत्वें चीन देशाशीं निगडित आहे. १९०८ मध्यें चिनी भाषेच्या अध्ययनास आरंभ करून १९०९ सालीं तो तिकडे गेला. तेथील कासवाच्या पीठावर उभे असलेले कोरीव शिलापट्ट पाहून त्यानें ‘स्तेल’, म्हणजे ‘शिलापट्ट’, हा काव्यसंग्रह सिद्ध केला. १९१२ सालीं पेकिंगच्या पैतांग मिशनच्या छापखान्यांत त्याच्या ८१ विशेष प्रति निघाल्या. कागद कोरियाचा, पानें घडीचीं, वरखालीं लांकडी फळ्या. आपल्या पोथीच्या फळ्यांचें स्मरण व्हावें असें तें पुस्तक आहे. काव्यांची मांडणी दिशांवरून केली आहे. दक्षिणाभिमुख पट्ट राजसत्तेचे, उत्तराभिमुख मैत्रीचे, पूर्वाभिमुख प्रेमाचे, पश्चिमाभिमुख युद्धाचे. त्यांनंतर वाटेच्या कडेचे आणि शेवटीं मध्याचे. शिळेचें तोंड कोणीकडे आहे, हाही तिच्या अर्थाचा भाग होय, हें तत्त्व येथें स्पष्ट होतें. आपल्या गांवोगांवचे वीरगळ मूळ जागेवरून उपटून देवळाच्या भिंतीस टेकवितांना आपण काय पुसून टाकितों, याचा विचार यावरून सुचावा.

१९१४ मध्यें झिल्बेर द व्हवाझँ व झाँ लार्तीग या मित्रांसह त्यानें शोधयात्रा काढिली. निघण्यापूर्वीं त्यानें चिनी स्थलवर्णनग्रंथ पाहून प्राचीन थडग्यांचीं स्थानें टिपून घेतलीं होतीं. ता. ६ मार्च रोजीं शीआनच्या पश्चिमेस, हान सम्राट वू याच्या समाधीजवळ, त्याचा सेनापति हुओ छ्यूपिंग (मृत्यु इ. स. पू. ११७) याच्या टेकाडाशीं त्यांस शत्रूवर उभा असलेला पाषाणाचा अश्व दिसला. चिनी भव्य शिल्पाच्या अत्यंत प्राचीन अशा कालनिश्चित नमुन्यांत त्याची गणना होते. भोंवतालच्या शेतकऱ्यांस तो घोडा नित्य परिचयाचा होता, हें येथें सांगणें अवश्य आहे. सेगालेनचा शोध तो एवढाच कीं, ग्रंथांतील वाक्य व शेतांतील दगड यांची त्यानें गांठ घालून दिली. घोडा त्यानें उचलून नेला नाहीं. छायाचित्र, रेखाटन व स्थाननिर्देश घेऊन तो पुढें गेला. त्याच यात्रेंत त्यानें छिन शी ह्वांग सम्राटाच्या टेकाडाचेंही छायाचित्र घेतलें. त्या टेकाडाच्या पूर्वेस सुमारें दीड किलोमीटरवर मृत्तिकेचें सैन्य पुरलेलें आहे, हें जगास १९७४ सालीं कळलें.

ऑगस्टांत युन्नान प्रांतीं महायुद्धाची वार्ता येऊन यात्रा खुंटली. १९१७ मध्यें युद्धकार्यासाठीं चिनी मजुरांच्या वैद्यकीय तपासणीवर तो पुनश्च चीनमध्यें गेला, व तेव्हांही नानकिंगजवळील ल्यांग वंशाचीं समाधिशिल्पें त्यानें अभ्यासिलीं. पुढें प्रकृति खालावली. ता. २१ मे १९१९ रोजीं ब्रिटनींतील युएलगोआच्या अरण्यांत तो वारला. पायास जखम होती आणि जवळ ‘हॅम्लेट’ची प्रत होती. वय अवघें ४१. यात्रेचे चित्रग्रंथ १९२३-२४ मध्यें निघाले. चिनी शिल्पावरील त्याचा ग्रंथ मात्र १९७२ पर्यंत अप्रकाशितच राहिला.

हें लिहितांना स्वतःचा एक अपराध कबूल केल्यावांचून राहवत नाहीं. शिक्षकी पेशाच्या आरंभीं मीं एका रद्दीवाल्याकडून मोडी कागदांचा एक रुमाल घेतला. कापड मळकें म्हणून टाकून दिलें, त्यास बांधलेली चिठी न वाचतां फेंकली, आणि कागद आपल्या सोयीप्रमाणें लाविले. पुढें त्यांतील हिशेब वाचतां आले, परंतु ते कोणत्या घराण्याचे हें आजतागायत सांगतां येत नाहीं. तारखा आहेत, रकमा आहेत, फक्त घर हरवलें आहे. चित्र माझ्याही हातीं उलटेंच आलें होतें, आणि तें सुलट करण्याचें एकमेव साधन मीं स्वहस्तें नष्ट केलें.

म्हणून संग्राहक बंधूंस इतकीच विनंती कीं, कागद सोडण्यापूर्वीं गांठ पाहावी, कापड जपावें, आणि देणाऱ्याचें गांव त्याच दिवशीं लिहून ठेवावें. इत्यलम्.